नावापुरती सरपंच

शिरोळकडच्या आमच्या गावात सरपंच अक्काताई मगदूम, पण खुर्चीत बसतो नवरा गोमटेश. लोकही त्यालाच सरपंच म्हणतात. एकालाही लाज वाटत न्हाय.

परवा ग्रामसभेला निघताना त्यानं बजावलं, "तू नुसती सही कर आन् चहाचं बघ."

कॉलेजात जाणारी लेक आदिती भडकली. "आई, तुझ्यासारखीला इंग्रजीत टिट्युलर म्हणतात. हुद्दा हाय, अधिकार न्हाय. लॅटिनमधल्या टिट्युलसवरनं आलाय शब्द. टिट्युलस म्हंजे नावाची पाटी."

"म्हंजे मी पाटी व्हय गं?"

अक्काताईंनी पदर खोचला, तडक सभेत गेल्या. "अवो, उठा. सभा मी घेणार हाय."

"आन् मी कुठं बसू?"

"बसा की लोकांत. बोलायचं झालं तर हात वर करा."