आप्पांच्या खिडकीतल्या कुंड्या

दृष्टी गेल्यापासून आप्पांनी खोलीबाहेर पडणंच सोडलं होतं. म्हणून त्यांच्या धाकट्या लेकीने बाजारातून हायसिंथचे कंद आणले. लोक ती फुलं रंगासाठी घेतात. तिला हवा होता वास, अख्खी खोली भरून टाकणारा.

"आंधळ्याला कसलं बागकाम?" आप्पा चिडले. पण कंद हातात पडल्यावर त्यांनी अंगठ्याने टोक शोधलं. "हे वर ना? मग दे माती."

थंडी मिळाल्याशिवाय ही फुलं उमलत नाहीत, म्हणून कंद लावलेल्या दोन पसरट कुंड्या कितीतरी आठवडे फ्रिजच्या तळाशी, थंडीत नि अंधारात राहिल्या. मग खिडकीत आल्या. आप्पा रोज कोंब चाचपायचे. "पेरभर वाढलाय गं!" असं एखाद्या पोरासारखं ओरडून सांगायचे. फुलं उमलली तेव्हा आपणहून खुर्ची ओढून खिडकीशी बसले.

त्या रविवारी धाकटी त्यांच्या डोळ्यांचे थेंब आणायला गेली. परतली, तर आप्पा खिडकीशी उभे. दोन्ही हात रिकाम्या फळीवरून फिरत होते.

"तू हलवल्यास का गं कुंड्या? मला डुलकी लागली होती. दादाचा आवाज आल्यासारखा वाटला."

तिने थोरल्या भावाला, दादाला फोन लावला.

"अगं, आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या नव्या घरी जेवण आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"आप्पांची फुलं होती ती!"

"त्यांना तरी कुठे दिसणार होती?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचं नवं घर कुठे आहे ते दादाने मागेच सांगितलं होतं. घरातल्या चपला घालूनच ती निघाली.

दार साहेबांच्या बायकोने उघडलं. आत पाहुणे गप्पा मारत होते.

"मी ह्यांची बहीण," दादाकडे बोट दाखवत धाकटी म्हणाली. "आमच्या कुंड्या न्यायला आलेय. त्याने न विचारता उचलल्या."

पाहुणे वळून बघू लागले. दादा लगबगीने आला आणि दातओठ खात पुटपुटला, "शोभा करू नकोस. घरी बोलू."

"घरी तू असतोस कधी?"

साहेबांच्या बायकोचा चेहरा उतरला. "मला काहीच ठाऊक नव्हतं हो. पण मी तर..." तिने टेबलाकडे पाहिलं. काचेच्या फुलदाणीत सगळी फुलं कापून ठेवली होती.

त्या बाईने निमूटपणे फुलं कागदात गुंडाळून दिली आणि कुंड्या रिक्षापर्यंत स्वतः आणून ठेवल्या. दादा दारातच उभा राहिला.

घरी आप्पांनी कुंडीवर हात ठेवला. बोटं कापलेल्या देठावर थांबली, पुढच्या देठावर गेली, तिथेही थांबली.

मागोमाग दादा आलाच. "आप्पा, हिने आज माझी अब्रू घालवली! मी उद्याच दुसऱ्या कुंड्या आणतो, ह्याहून मोठ्या."

दृष्टी गेल्यापासून आप्पांचा आवाज रागाने असा कधी चढला नव्हता. आता ते इतक्या जोरात ओरडले की धाकटीही दचकली.

"मला दिसत नाही, म्हणजे माझं काही नाहीच का रे? उद्या माझी खुर्ची नेशील! आणायचं नाही काही. आधी विचारायला शीक!"

दादा काहीतरी म्हणणार होता. आप्पांनी त्याच्याकडे पाठ केली. तो गेला, दार आपटून.

धाकटीने फुलं पाण्यात घालून आप्पांच्या जवळ ठेवली. आप्पांनी ती हुंगली नाहीत. राग अजून त्यांच्या नाकपुड्यांत थरथरत होता.

"पानं ठेवलीत ना?" कुंडीकडे वळत त्यांनी विचारलं.

"ठेवलीत."

"मग पाणी घाल. पानांच्या जोरावर कंद जगला पाहिजे."