गार इंजिनाचा आवाज

आवाज सकाळीच यायचा, आणि तोही पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावरच. रात्रभर उभं राहून गार पडलेलं इंजिन सुरू झालं की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी हलवावेत तशी खळखळ व्हायची, आणि कान देतो न देतो तोच थांबायची. मग दिवसभर व्हॅन शहाण्यासारखी चालायची.

या मॉडेलच्या इंजिनाची ही खोड जगजाहीर होती. इंजिनाच्या आत फिरणारी टायमिंग चेन ताणून धरणारा एक भाग असतो. त्यातलं तेल रात्रीत खाली उतरतं, आणि सकाळी ते परत चढेपर्यंत चेन सैल राहून खडखडते. असं करता करता एक दिवस ती तुटते. त्यानंतर इंजिन दुरुस्त होत नाही, भंगारात जातं. तशाच व्हॅन असलेल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. नवा माणूस आला की त्याला आधी नाव विचारत नसत. "सकाळी खळखळतं का?" एवढंच विचारत.

दोघी बहिणींचं खळखळत होतं.

थोरली आणि धाकटी गावोगाव फिरून सोफे आणि खुर्च्या मढवून देत. थोरली गाडी चालवायची आणि कापड बेतायची, धाकटी शिवायची. व्हॅनच्या मागच्या भागात दोन फळ्यांचे पलंग, शेगडी, शिलाई मशीन आणि छताला पट्ट्यांनी आवळलेले कापडाचे तागे होते. भाड्याची खोली त्यांनी केव्हाच सोडली होती. इंजिन गेलं असतं तर घर, दुकान आणि वाहन एकदमच गेलं असतं. आता घाटापलीकडच्या एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायचं काम मिळालं होतं. इतकं मोठं काम त्यांना कधीच मिळालं नव्हतं. घाट चढायच्या आधी चेन बदलायची, हे पक्कं होतं. कुणाकडून बदलायची, ते ठरत नव्हतं.

अडचण साधी होती. गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यावी लागते. चालवली की इंजिन तापतं, आणि तापलं की आवाज येत नाही.

पहिलं गॅरेज काचेच्या ऑफिसाचं होतं. तिथल्या इंजिनिअरने गाडीला लॅपटॉप जोडला.

"कॉम्प्युटरमध्ये काही फॉल्ट दिसत नाही, मॅडम."

"कॉम्प्युटरला कान आहेत का?" थोरलीने विचारलं.

"आवाज येत असेल तर व्हिडिओ दाखवा."

व्हिडिओ होते. धाकटी रोज सकाळी बॉनेटपाशी फोन धरून उभी राहायची. पण प्रत्येक व्हिडिओत इंजिन सुरू व्हायचं आणि नेमकी त्याच क्षणी थोरली ओरडायची, "आला! ऐकलंस? आला बघ!" तिचं ओरडून होईपर्यंत इंजिन गुळगुळीत चालू लागलेलं असायचं.

"यात तुम्हीच ऐकू येताय," इंजिनिअर म्हणाला.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुला गप्प बसता येत नाही का गं?"

"तोंडातून निघून जातं."

"मग तोंडावर हात ठेव."

"हाताने किल्ली फिरवते ना."

"दुसरा हात?"

"त्याने स्टिअरिंग धरते."

"उभ्या गाडीचं?"

दुसऱ्या दिवशी थोरलीने तोंडावर हात ठेवला. व्हिडिओत "म्म! म्म!" एवढंच आलं.

दुसरं गॅरेज हायवेला होतं. दारातच पिवळ्या दिव्याची क्रेन उभी होती. मालकाने खिडकीला टेकून त्यांचं अर्धं बोलणं ऐकलं आणि निकाल दिला. "चेनच. आज ठेवून जा, उद्या उघडतो."

"बॉनेट तरी उघडून बघा," धाकटी म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? हो, चेनच."

थोरलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग अगदी काळजीच्या सुरात म्हणाली, "आणि हो, डावीकडे वळताना हॉर्न बारीक वाजतो हो."

"हो हो, तेही त्यामुळेच."

धाकटीला खोकला आला. दोघी उद्या येतो म्हणून निघाल्या, त्या परत गेल्याच नाहीत. "नुसता होयबा आहे," थोरली गाडी चालवताना म्हणाली. "गाडी घोरते म्हटलं असतं तरी चेनच म्हणाला असता. याच्या हातात घर द्यायचं?"

तेव्हापासून त्याचं नाव होयबाच पडलं.

तिसऱ्याचं नाव मात्र लोकांनीच ठेवलं होतं. पेट्रोल पंपावर विचारलं, टायरवाल्याला विचारलं, फोनवरच्या ग्रुपवर विचारलं. सगळीकडून एकच उत्तर आलं. नन्नाकडे जा. येणाऱ्या प्रत्येकापुढे तो आधी नन्नाचा पाढा वाचतो, पण ज्या गाडीला हात लावतो ती त्याच दुखण्यासाठी परत येत नाही.

नन्नाचं गॅरेज घरांच्या मागच्या अंगणात होतं. एक रॅम्प, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने आणि एकच खुर्ची. तिची सीट फाटली होती, ते थोरलीने आल्या आल्या पाहिलं.

"काका, आमची व्हॅन—"

"काका कुणाला म्हणता? माझ्याच वयाच्या आहात." त्याने पूर्ण हकिगत मात्र शांतपणे ऐकली. "असेल चेन. या इंजिनाला असतेच. पण मी स्वतः ऐकल्याशिवाय उघडत नाही. जुनं इंजिन आहे, उघडताना प्लास्टिकचे भाग तुटतात. रोग नसताना पोट फाडलं असं व्हायला नको."

"पण आवाज सकाळीच येतो."

"मग इथेच राहा. सकाळी मी येईपर्यंत किल्लीला हात लावू नका."

असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं. दोघींनी व्हॅन भिंतीकडे तोंड करून अंगणात लावली. अंगण धुतल्यावर पाणी नालीकडे जावं म्हणून फरशीला बराच उतार होता. व्हॅनमधल्या फळीवरचा चहाचा कप सारखा मागच्या दाराकडे घसरत होता. धाकटीने त्याच्याखाली कापडाची घडी ठेवली आणि झोपताना उशी दुसऱ्या बाजूला घेतली. संध्याकाळ रिकामी होती म्हणून थोरलीने त्याची खुर्ची मढवून टाकली.

सकाळी नन्ना आला. नव्या सीटवरून त्याने हात फिरवला. "कुणी सांगितलं होतं?" असं म्हणाला आणि तिच्यावर बसला. मग उठून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मुठीला कान लावला आणि बोट वर केलं. थोरलीने किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. शिलाई मशीनसारखं.

"परत," थोरली म्हणाली.

"परत कसं? आता गार कुठे राहिलंय?"

आणखी एक दिवस राहिल्या. दुसऱ्या सकाळी धाकटीने पलीकडून कान लावला, नन्नाने अलीकडून. खळखळ नाही, खडखड नाही, काही नाही. पुढची गाडी फाटकाशी येऊन उभी होती, आणि नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन वाजत होता.

"आम्ही खोटं बोलतोय का?" थोरलीचा आवाज चढला.

"नाही. खोटं बोलणारी माणसं एवढी थांबत नाहीत."

"मग विश्वास ठेवा ना!"

"ठेवला. पण नुसत्या विश्वासावर मी इंजिन उघडत नाही, बाई. जे ऐकलं नाही ते ऐकलं कसं म्हणू?" त्याने पुढच्या गाडीला हाताने आत यायची खूण केली. "आवाज आला की कळवा."

दोघी घाटाच्या रस्त्याला लागल्या.

"माणूस चांगला आहे," धाकटी म्हणाली.

"चांगला आहे म्हणूनच डोकं फिरतंय. वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते."

घाटाच्या पायथ्याशी ट्रक थांबतात ते मोठं मैदान होतं, टेबलासारखं सपाट. दोघी तिथे मुक्कामाला थांबल्या. सकाळी घाट चढायचा असं ठरलं. कदाचित आवाज आपोआप गेला असेल, असं धाकटी एकदा म्हणाली.

सकाळी धाकटी सवयीने फोन धरून उभी राहिली. थोरलीने किल्ली फिरवली.

खळखळ सुरू झाली आणि थांबली नाही. नेहमीच्या जागी ती थांबायला हवी होती. ती पुढे गेली, वाढली, खालून बॉनेटचा पत्रा हादरू लागला. मग तुटक तुटक होत एकदाची बसली. धाकटीने काचेतून पाहिलं. थोरलीचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काहीच निघालं नव्हतं. तिने इंजिन बंद केलं.

व्हिडिओ स्वच्छ आला होता. त्यात माणसाचा आवाज कुठेच नव्हता. धाकटीने तो लगेच नन्नाला पाठवला.

थोड्या वेळाने नन्नाचाच फोन आला. थोरलीने स्पीकर लावला. "ऐकलं. चेनच आहे. गाडी कशी उभी आहे तुमची?"

"सपाट."

तो म्हणाला, "माझ्या अंगणाला उतार आहे. गाडीचं नाक वर होतं, तेल उतरलंच नसणार. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं."

"आता काय करू? तुमच्याकडे घेऊन येऊ?"

"नाही. किल्लीला हात लावू नका. असा आवाज आल्यावर पुढच्या वेळी ती टिकेल असं मी सांगू शकत नाही."

"मग आम्ही येऊ कशा?"

"उचलून आणावी लागेल. माझ्याकडे क्रेन नाही. त्या रस्त्याला क्रेन एकाचीच आहे, आणि तो उचललेली गाडी स्वतःच्याच गॅरेजात नेतो."

"हायवेवरचा?"

"हो," नन्ना म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द दोघींनी पहिल्यांदाच ऐकला. "त्याला सांगा, प्लास्टिकचे भाग जपून काढ म्हणावं."

"ऐकेल तो?"

"सांगून तर बघा," म्हणत नन्नाने फोन ठेवला.

दुसऱ्या कुणाला विचारावं म्हणून धाकटीने ग्रुपवर लिहिलं. चौघांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. मॅनेजरने निरोप ठेवला होता की आज खुर्च्या उघडून ठेवतो, या. ट्रकवाले एकेक करून घाटाकडे निघून गेले. ऊन चढलं तेव्हा थोरलीने होयबाला फोन लावला.

तो लगेच आला. पुढची चाकं पट्ट्यांत घेऊन त्याने व्हॅन उचलली तेव्हा आत कात्र्यांचा खण सरकला आणि सगळं सामान मागच्या दारावर जाऊन आदळलं. त्यात शिलाई मशीन पडल्याचा आवाज वेगळा कळला. दोघी क्रेनच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसल्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," होयबा म्हणाला. "चेनच."

त्याला खोटं म्हणायची सोय नव्हती.

"प्लास्टिकचे भाग जपून काढा," थोरली म्हणाली. एवढ्या हळू बोलताना धाकटीने तिला कधी ऐकलं नव्हतं.

"हो हो. आणि त्या हॉर्नचंही बघून टाकतो."

"हॉर्नला काही झालेलं नाही."

"असं कसं? तुम्हीच सांगितलं की. डावीकडे वळताना."

धाकटीने बाजूच्या आरशात पाहिलं. त्यांचं घर नाक वर करून मागे येत होतं, नन्नाच्या अंगणात उभं होतं तस्सं.

"ताई, अशी तिरकी राहिली तर आवाज येणार नाही," ती म्हणाली.

"सुरूच करायची नाहीये, चिमे."

"हो हो," होयबा म्हणाला आणि त्याने गाडी डावीकडे वळवली.