सिंगल बेल

थेंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं बस चालवली आणि दर वर्षी डिझेल वाचवण्याचं बक्षीस घरी आणलं, म्हणून डेपोतल्या सोबत्यांनी ठेवलेलं ते नाव. पुढे बायकोलाही लोक थेंबेवहिनी म्हणायला लागले आणि खरं आडनाव फक्त लाइटबिलापुरतं उरलं.

निवृत्त झाल्यावर थेंब्यांनी गाडी घेतली ती शोरूममधली सगळ्यांत लहान, बॅटरी नि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. रंग पाहिला नाही, सीट दाबून पाहिली नाही. एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती?" आकडा ऐकून त्यांचा चेहरा असा काही फुलला की वहिनी म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढे खूश दिसला नव्हतात."

"तेव्हा आकडा कुठे कुणी सांगितला होता?" थेंबे म्हणाले.

घरच्या गाडीत वहिनी कंडक्टर झाल्या. पुढे लाल दिवा दिसला की डॅशबोर्डवर बोटानं एकदा टक्, म्हणजे सिंगल बेल, थांबा. हिरवा झाला की टक् टक्, डबल बेल, चला. पहिल्या आठवड्यात थट्टेत सुरू झालेला खेळ पाच वर्षांत अंगवळणी पडला. इतका, की वहिनी शेजारणीशी फोनवर बोलताबोलताही बेल द्यायच्या.

गेल्या महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली. लेक धावत आली.

"बाबा, आता पुरे झालं. किल्ली माझ्याकडे द्या."

"अगं, खांबच पुढे आलाय. मागच्या वर्षी तो मागे होता."

"खांब चालत नाहीत, बाबा."

तेवढ्यात शोरूमनं स्पर्धा जाहीर केली. त्याच लहान गाडीचे मालक, साठ किलोमीटरचा रस्ता, कमीत कमी पेट्रोल जाळेल तो पहिला. थेंब्यांनी कागद लेकीपुढे ठेवला. "पहिला आलो तर किल्लीचं नाव काढायचं नाही. नाही आलो तर त्याच जागेवर तुझ्या हातात देतो." बापाचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेक कबूल झाली.

वहिनींना मात्र थोरले दीर आठवले. त्यांनी सायकल सोडली नि खुर्ची धरली, आणि खुर्चीतून उठले ते चौघांच्या खांद्यावरच. किल्ली गेली की आपला माणूसही त्याच वाटेनं जाणार, ही वहिनींना भीती होती.

स्पर्धेच्या सकाळी शोरूमशेजारच्या पंपावर अकरा गाड्या रांगेत लागल्या. टाक्या काठोकाठ भरून झाकणांवर चिकटपट्टी लावली. परतल्यावर त्याच नळीनं पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं मावेल तेवढं खर्च झालं, असा हिशेब. कडेला उभे असलेले एक गृहस्थ थेंब्यांच्या खिडकीशी वाकले.

"काका, कागदावरचं सोडा. खरं किती देते?"

"पाय कुणाचा आहे त्यावर आहे," थेंबे म्हणाले.

गृहस्थ मान डोलवून शोरूममध्ये गेले आणि तिथल्या छताला खिडकी असलेल्या एका भल्याथोरल्या गाडीत जाऊन बसले. शोरूमच्या मॅनेजरनं वहिनींकडे पाहून उसासा टाकला. "सगळे हेच करतात हो. विचारतात हिचं ॲव्हरेज नि घेऊन जातात ती. सून बघावी सुगरण आणि जेवायला जावं हॉटेलात, तसलं."

प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर शोरूमची एक मुलगी, हातात फळी नि कागद घेऊन. थेंब्यांच्या वाट्याला आलेली चष्मेवाली होती. तिनं नियम वाचून दाखवले. शेवटचा नियम असा: शेजारी बसणाऱ्यानं चालकाला कसलीही सूचना द्यायची नाही. दिली तर गाडी बाद.

वहिनींनी हात मांडीवर घेतले आणि पदरात गुंडाळले.

मोकळ्या रस्त्यावर थेंबे म्हणजे काय सांगावं! चढ यायच्या आधी गाडीला अलगद वेग द्यायचे आणि माथ्यावर ती आपोआप सुटायची. ब्रेक नाही, हिसका नाही. एसी बंद, काचा वर, वहिनींच्या मानेवरून घामाचे ओहोळ, पण गाडी अशी चाललेली की मांडीवरचं बाळ जागं होऊ नये. मागची मुलगी लिहायचं विसरून बघत राहिली. "काका, तुमच्या गाडीला इंजिन आहे ना?"

"असतं. त्याला फारसं कळू द्यायचं नसतं," थेंबे म्हणाले, आणि वहिनींना एकदम तरुणपणीचा तो ड्रायव्हर आठवला, ज्याच्या बसमध्ये उभे प्रवासीसुद्धा डुलक्या घ्यायचे.

मग शहर लागलं. पहिला सिग्नल लांबूनच लाल दिसत होता. वहिनींनी बोटं आवळली. एरवी थेंब्यांचा पाय इथंच उचलला जायचा. आज उचलला नाही. गाडी तशीच निघाली आणि अगदी जवळ आल्यावर कचकन ब्रेक लागला. मुलीची फळी पुढे येऊन आपटली.

"कुत्रं आडवं आलं," थेंबे म्हणाले.

कुत्रं नव्हतं. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. थेंबे दिव्याकडे बघतच नव्हते. त्यांची मान जरा डावीकडे कललेली होती, डॅशबोर्डाकडे. दिवा हिरवा झाला तरी ते तसेच बसून राहिले. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा हलले.

आता वहिनींच्या लक्षात आलं. ते बघत नव्हते, ऐकत होते. गेलं वर्षभर की त्याहून जास्त? आपण खेळ म्हणून बेल देत होतो आणि हे तिच्यावर गाडी चालवत होते! डेपोत डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवसापासून टायर मोजायला बसायचा. त्या तपासणीचा धसका चौतीस वर्षं उशाशी घेऊन झोपलेला माणूस, डॉक्टरकडे कसा जाईल?

पुढचा चौक उन्हाच्या तोंडावर होता. दिवा लाल. समोरून एक बाई ढकलगाडीत मूल घेऊन रस्ता ओलांडत होती, निवांत. गाडी चालली होती तशीच. थेंब्यांची मान डावीकडे.

वहिनींचा हात पदरातून कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही.

टक्.

पाय तत्काळ उचलला गेला. गाडी लोण्यासारखी विसावली. बाई ढकलगाडी घेऊन पलीकडे गेली, वर बघितलंसुद्धा नाही. उरलेल्या प्रत्येक चौकात वहिनींनी बेल दिली, उघड उघड.

पंपावर चिकटपट्टी काढली, नळी लावली, आकडा थांबला. मॅनेजरनं दोनदा भागाकार केला. "एका लिटरला चौतीस! पहिले! दुसरा नंबर तीसवर आहे!" टाळ्या पडल्या. दाराशी उभी असलेली लेक हसत पुढे आली. हरली होती, तरी डोळ्यांत बापाचा अभिमान मावत नव्हता. चष्मेवाली मुलगी वहिनींच्या कानाशी आली. "काकू, मी काही लिहिलेलं नाही. जाऊ दे."

वहिनींनी थेंब्यांकडे पाहिलं. छाती पुढे काढून उभे होते, बक्षीस घ्यायच्या जुन्या सवयीनं. वहिनींना गप्प राहता आलं असतं. सगळ्यांचीच सोय होती त्यात. फक्त त्या ढकलगाडीची नव्हती.

"साहेब, आमची गाडी बाद करा," त्या म्हणाल्या. "मी सूचना दिली. एकदा नाही, बऱ्याचदा."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!" थेंबे उसळले.

"अहो, समोरच्या भिंतीवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचा बघू."

पाटी हातभर अक्षरांची होती. थेंब्यांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. अक्षर लागलं नाही. मग त्यांनी खिशात हात घालून किल्ली काढली. लेकीच्या हातात ठेवली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाय हलका ठेव," ते म्हणाले. "आणि चढाआधी वेग दे, चढावर नको."

"मोतीबिंदू असेल, बाबा. आठवड्याभराचं काम. परवाच जाऊ. डॉक्टरनं लिहून दिलं की किल्ली परत."

"आणि नाही दिलं तर?"

लेकीनं गाडीचं मागचं दार उघडलं. थेंब्यांनी मान हलवली. "माझ्याच गाडीत मागं? आज नको. आम्ही बसनं येतो."

थांब्यावर दोघं उभी राहिली. वहिनी वाट बघत होत्या की आता हे चिडतील, मग अबोला धरतील. धुरळा उडवत लांबून एक बस आली. पाटीवरचा आकडा थेंब्यांना दिसणं शक्यच नव्हतं. इतके दिवस अशा वेळी ते बुटाची नाडी बांधायला वाकायचे, आणि वहिनी निघाल्या की मागोमाग निघायचे. आज ते वाकले नाहीत. सरळ उभे राहिले आणि जरा मोठ्यानंच म्हणाले,

"अगं, कितीची आली ती? मला दिसत नाहीये."

"आपलीच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि हात धरून त्यांना पायरीवर चढवलं.