बिर्गितच्या हातची पट्टी

गुडवेगचा डोळा फसत नाही, असं अख्खं हालिंगदाल खोरं म्हणायचं, आणि त्यावर सर्वांत गाढ विश्वास खुद्द गुडवेगचाच होता. बावीस वर्षं तिने लष्करासाठी गणवेश शिवले, त्यानंतरची तीस वर्षं युद्धकाळातले नॉर्वेजियन बिल्ले, पदकं, खांद्यावरच्या पट्ट्या जमवण्यात घातली. कापडाची नस तिला बोटांनीच कळायची. ती दारात दिसली की बनावट माल विकणारे अर्धं टेबल खोक्यात सारायचे. तिला याचा अभिमान होता. का नसावा? फुकट मिळालेली कीर्ती नव्हती ती.

मेच्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात संग्राहकांचा मेळावा भरला. यंदा युद्ध संपून सत्तर वर्षं होत होती. आठ तारखेच्या प्रदर्शनात काय मांडायचं आणि काय नाही, हे गुडवेग ठरवणार होती.

वरच्या शेतावरचा हालग्रीम ब्रेक्के कडक पांढरा सदरा घालून आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा गडी, उभ्या जन्मात कोणाकडे काही मागायला न गेलेला. त्याने रुमालाच्या घडीतून एक पांढरी पट्टी काढली. मधोमध लाल-निळी फीत शिवलेली. जर्मन शरण आले तेव्हा जंगलातून उतरलेल्या गुप्त सेनेच्या पोरांनी अशाच पट्ट्या दंडाला बांधल्या होत्या. अंगावर गणवेश कुठला, ही पट्टी हाच त्यांचा गणवेश.

आईने स्वतः शिवलेली आणि बापाने बांधलेली आहे, असं त्याने सांगितलं.

गुडवेगने जांभळा दिवा लावला. युद्धानंतरच्या धुण्याच्या पावडरीत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून एक रसायन घालतात. ते या दिव्याखाली चमकतं. जुनं कापड मात्र मढ्यासारखं निपचित पडून राहतं. हालग्रीमची पट्टी चांदण्यासारखी लखलखली. गुडवेगने यादीत फुली मारली आणि वस्तू नकली असल्याचं सांगून मोकळी झाली.

शेजारच्या टेबलावर स्टेइनार बसला होता. त्याचा माल गुडवेगने दोनदा चारचौघांत बाद केला होता. दुसऱ्याचं हसं होताना पाहून तो खूश झाला आणि ही कितीला पडली, असं त्याने हालग्रीमला विचारलं. दोघंतिघं वॉफल खाता खाता हसले.

हालग्रीम जागचा हलला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"पट्टीचं जाऊ दे गं," तो म्हणाला. "पण ही खोटी, तर माझी आई जन्मभर खोटं बोलली. एवढं तोंडावर सांग, मग जातो."

गुडवेगने नजर खाली वळवली तर म्हाताऱ्याचा हात दिव्याखाली होता आणि सदऱ्याची बाही अगदी तशीच लखलखत होती.

"ही पट्टी कधी धुतली होती?"

"कधी म्हणजे? दर वर्षी. सोळा मेला धुवायची, इस्त्री करायची. सतराच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत मळकी पट्टी बांधून कोण जाईल? आई होती तोवर ती धुवायची, आता मी धुतो."

अरे देवा! संग्राहक मेला तरी जुन्या कापडाला पाणी लावत नाही. म्हणून हा साधा प्रश्न तीस वर्षांत तिला एकदाही सुचला नव्हता. कोणाकोणाची पट्टी आपण अशी परत पाठवली असेल, या विचाराने तिला घाम फुटला.

पण दिवा चुकला म्हणून पट्टी खरी ठरत नाही, असं स्टेइनारने ऐकवलं, आणि त्यात तो बरोबर होता. गुडवेगने भिंग घेतलं. शिवण हातची, दोरा सुती. टोकाची घडी उलगडली तर आत रफू दिसलं. तेही अर्धंच. मूळ कापड तिथे फाटलेलं, कोणीतरी निगुतीने रफू केलेलं, आणि पुढे त्या रफूतूनच कात्री चाललेली.

ती ताडकन उठली. काचेच्या कपाटातून तिने स्वतःच्या संग्रहातली सर्वांत मानाची पट्टी काढली. खोऱ्यातल्या गुप्त सेनेच्या म्होरक्याच्या घरून आलेली. खाली कार्ड होतं : शिवणारे हात अज्ञात. त्या पट्टीच्या टोकालाही अर्धं रफू होतं, आणि इतकी वर्षं तिने तो दोष मानला होता.

तिने दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली. नऊच्या नऊ आडवे धागे जुळले. रफू पुरं झालं.

हालग्रीमने त्या रफूवरून बोट फिरवलं.

"आईच्या लग्नातली चादर," तो म्हणाला. "बारा पट्ट्या कापल्या म्हणायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी वाढवून सांगते."

"मी चुकले," गुडवेग मोठ्याने म्हणाली, पार दारातल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नाक कापलं जाईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. छाती भरून आली. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्या शिवणाऱ्या बाईचा काय अभिमान वाटतो, ते तीच जाणे.

तिने कोरं कार्ड घेतलं आणि सवयीने त्याच्या बापाचं नाव विचारलं.

"बापाने ती आठवडाभर बांधली," हालग्रीम म्हणाला. "समोरच्या शाळेत जर्मन राहायचे. आईने त्या बारा पट्ट्या तीन महिने पाळण्यातल्या गादीत शिवून ठेवल्या होत्या. त्या गादीवर माझी धाकटी बहीण झोपायची. झडती झाली तेव्हा आईने पोरीला चिमटा काढून रडवलं, म्हणून पाळण्याला कोणी हात लावला नाही. आईचं नाव लिही."

गुडवेगने लिहिलं : बिर्गित ब्रेक्के. मग स्वतःच्या पट्टीखालचं जुनं कार्ड फाडलं आणि तिथेही तेच नाव लिहिलं.

"अजून दहा आहेत कुठेतरी," ती म्हणाली, आणि स्टेइनारने न सांगता आपली खोकी उघडून शोधायला घेतलं.