रिंगेवरची रेघ

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

चुकून लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. चुका आम्हीही करतो. चाकाच्या आसाचा कोन उलटा बसवतो, चाक जाम होतं, गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो आणि पुन्हा खोलतो. तुम्ही जाणूनबुजून लिहिलंत, शिक्का मारून लिहिलंत: "नाकाच्या मधल्या पडद्यास आरपार छिद्र. कारण, तपकिरीचे व्यसन." खाली तुमची लपेटदार सही. नाव मी इथं घालत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि रविवारी सकाळी धुळ्याच्या आग्रा रोडवरून जी चमचमती विलायती सायकल जाते ती ज्यांनी पाहिलीय, त्यांनाही ठाऊक आहे.

त्या सायकलीपासूनच सांगतो, कारण भानगड तिच्यापासूनच सुरू झाली.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात तुम्ही ती जीपमध्ये टाकून माझ्या दुकानावर आणलीत. "भटू मिस्तरी तुम्हीच ना? वडिलांची आहे ही. फैजपूरला केळीच्या मळ्यात हिच्यावरूनच जायचे. बारा वर्षं गोठ्यात पडून होती." बोलताना तुमचा हात हँडलवर होता, बैलाच्या मानेवर ठेवतात तसा. खरं सांगायचं तर तुम्ही मला तेव्हा आवडलात.

मी रॉकेलच्या चिंधीवर राख घेतली आणि रिंगेवर बोटभर जागा घासली. गंज निघाला आणि खालून क्रोम वर आलं. जुन्या विलायती क्रोमला निळसर झाक असते, बर्फाच्या लादीच्या पोटात असते तशी. ती झाक दिसली की माझं दुसऱ्या कामात लक्ष लागत नाही. आजकालचं पॉलिश दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, उकडलेल्या बटाट्यासारखं. कारण चोर लोक गंज न काढताच टाकीत बुडवतात. क्रोम हा नुसता वर्ख, मिठाईवरचा. जोर खालच्या निकलमध्ये असतो, आणि निकलच्या खाली तांबं लागतं. आधी जुनं सगळं उतरवायचं, लोखंड बफच्या फिरत्या चाकावर घासून आरसा करायचं, मग तांबं, मग निकल, मग क्रोम. एक पायरी चुकवली की लोखंड आतून बदला घेतं.

तुम्ही म्हणालात, "मला नवी नको. वडिलांच्या वेळी होती तशी हवी."

असं गिऱ्हाईक पाच वर्षांत एक येतं. मी म्हटलं, "मग वाल्मीककडेच द्यावी लागेल." आणि गल्ली ओलांडून तुम्हाला समोरच्या कारखान्यात मीच घेऊन गेलो.

कारखाना म्हणायची पद्धत. मोतीलालशेठची पत्र्याची एक खोली, तीत चार टाक्या, एक बफची मोटर. वाल्मीक आमच्याच बुद्धवाड्यातला, वय सव्वीस, टाकीवर सहा वर्षं. निकलच्या टाकीतून दांडा कधी काढायचा हे तो घड्याळ न बघता सांगायचा. क्रोमची टाकी कडक चहाच्या रंगाची. करंट सुरू झाला की तिच्यावर बुडबुडे फुटतात आणि पिवळट धुकं उठतं. ते धुकं जायला भिंतीत पंख्याचं भोक होतं. पण मागच्या चाळीतल्या बायांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर आधी पिवळे डाग पडले, मग साड्यांची चाळणी झाली. बाया शेठच्या अंगावर धावून आल्या. शेठनं पंखा काढला आणि भोकात गोणपाट कोंबलं. साड्या वाचल्या.

आता रेघेचं सांगतो. ती टाकी हँडलं आणि न्हाणीघरातल्या नळांसाठी केलेली. अठ्ठावीस इंची रिंग तिच्यात मावत नाही. मग अर्धी बुडवायची, काढायची, फिरवून दुसरी अर्धी बुडवायची. दोन्ही अर्ध्या बाजू जिथं मिळतात तिथं केसासारखी रेघ राहते. शंभरातल्या नव्व्याण्णवांना ती दिसत नाही. तुम्हालाही दिसली नव्हती. मला दिसली. मी रिंग उन्हात धरली आणि म्हणालो, "साहेब, इथं रेघ आलीय बघा."

मला काय खाज होती कोण जाणे. त्या रिंगेवर रेघ असावी हे मला सहन झालं नाही.

तुम्ही चष्मा लावलात. "हो की. वाल्मीक, ही जाईल का?"

"पुन्हा करतो ना, साहेब," वाल्मीक म्हणाला. सगळं उतरवून त्यानं पुन्हा केलं. पुन्हा रेघ, फक्त बारीक.

"नाहीच का जाणार?" तुम्ही विचारलंत. रागानं नाही, तुम्ही कधी रागानं बोलत नाही.

"जाईल. पण हातानं फिरवत ठेवावी लागेल. थांबायचं नाही."

"मग कर ना बाबा. वडिलांची आहे."

तिसऱ्या वेळी वाल्मीक टाकीवर ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी रिंग सावकाश फिरवत राहिला, जात्यावर बसल्यासारखा. हातमोज्यांतून बोटं बाहेर आलेली. एकेका रिंगेला पाऊण तास. तुम्ही दारात उभे होतात. खिशातून पांढरा रुमाल काढून नाकाला लावलात आणि म्हणालात, "काय चरचरतंय हो इथं."

मान वर न करता वाल्मीक म्हणाला, "मला नाही येत काही वास, साहेब."

"बरंय बाबा तुझं," तुम्ही हसलात आणि माझ्या दुकानावर येऊन बसलात. मी तुम्हाला चहा पाजला. रेघ गेली होती. रिंगेत तुमचं तोंड दिसत होतं, माझंही.

तुमच्या दोन रिंगांनीच त्याच्या नाकाला भोक पाडलं असं मी म्हणत नाही. सहा वर्षांची टाकी होती ती. मी म्हणतो, तुम्ही ती टाकी पाहिली होती.

आणि तपकीर. तुमच्या त्या तपकिरीचं ऐका. वाल्मीक पहिल्या दिवशी कामाला आला तेव्हा भाईदासनानांनी, म्हणजे त्याच्या उस्तादांनी, त्याच्या तळहातावर चिमूट ठेवली. "वढ. शिका उन्यात का तेजाब भाईर." आमच्या गल्लीत हाच कायदा होता. टाकीचं बटण दाबायच्या आधी प्रत्येकानं चिमूटभर ओढायची, तीन शिंका द्यायच्या, मग हात घालायचा. शिंका आल्याशिवाय नाना कुणाला टाकीजवळ फिरकू देत नसत. तेजाबावर आम्हाला एवढंच औषध माहीत होतं. दुसरं कुणी सांगितलंच नाही. शेठ महिन्याची अगरबत्ती मागवायचा तेव्हा तपकिरीची डबीही मागवायचा. बटणाच्या फळीवर ती डबी असायची. आजही आहे, जाऊन बघा.

पुढच्या शिमग्यानंतर वाल्मीकच्या नाकातून शिट्टी वाजायला लागली. श्वास घेतला की बारीक शीळ. गल्लीला तेवढंच हवं होतं.

"भुसावळची गाडी उनी रे."

"फाटक लावा, फाटक."

वाल्मीकही कमी नव्हता. "तिकीट काढीसन बसा, फुकटा," म्हणायचा आणि मुद्दाम लांब शिट्टी द्यायचा. मीही हसलो. आता हिशेब मांडायचा तर माझंही हसणं त्यात धरा.

हसणं थांबलं ते वांग्याच्या भरताच्या दिवशी. त्याच्या आईनं, पार्वताबाईनं, अंगणात काड्यांवर वांगी भाजायला घातली आणि वाल्मीकला लक्ष ठेवायला सांगून ती पाण्याला गेली. परत आली तर वांग्यांचा कोळसा. धूर गल्लीभर. आणि वाल्मीक शेजारीच, पाठ करून पेपर वाचत बसलेला.

"तुले वास नही उना?"

"कसाना?" तो म्हणाला.

तिनं त्याच्या नाकाखाली जळकं वांगं धरलं, मग कांदा धरला, मग रॉकेलची बाटली. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सांगितलं की नाकातून खपल्या पडतात, रक्ताच्या, वर्षभर. बोटांवरचे खड्डे तर आम्ही रोजच बघत होतो. गोल, पेनाच्या टोपणानं दाबल्यासारखे, आठ. दुखत नाहीत म्हणून त्यानं कधी तक्रार केली नव्हती. शेठनं ते हात बघितले आणि म्हणाला, "गिऱ्हाईक घाबरतं. बरा हो, मग ये." कशानं बरा हो ते सांगितलं नाही.

कामगार कार्यालयातला कारकून भला होता. त्यानं पुस्तक काढून दाखवलं: क्रोमनं होणारा आजार कायद्याच्या यादीत आहे. "फक्त सरकारी डॉक्टरचा कागद आणा, की हे कामामुळे झालं. मग शेठला भरपाई द्यावीच लागेल." तो डॉक्टर म्हणजे तुम्हीच हे कळल्यावर वाल्मीक खूश झाला. बसस्टँडपर्यंत मला तेच सांगत होता. "भटूभाऊ, साहेब मले वळखतस ना. टाकी देखेल शे त्यास्नी."

तुम्ही त्याला तपासलंत तेव्हा मी त्या खोलीत उभा होतो, साहेब. तुम्ही बॅटरी लावून नाकात बराच वेळ बघितलंत. मग त्याचे हात उलटेपालटे करून बघितलेत. तुम्ही त्याला ओळखलंत, कारण तुम्ही विचारलंत, "काय वाल्मीक, काम कसं चाललंय?" आणि मग विचारलंत, "तपकीर ओढतोस?"

"हो साहेब. कामाआधी."

"हो" तुम्ही लिहिलंत. "कामाआधी" लिहिलं नाहीत. हातांवरच्या आठ खड्ड्यांबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही.

का? शेठ आदल्या दिवशी तुमच्या बंगल्यावर आला होता असं लोक म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून मी म्हणत नाही.

कागद मी पार्वताबाईला वाचून दाखवला. तिला अक्षर येत नाही. "व्यसन म्हंजे?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती दर रविवारी पोराला शेजारी बसवून विहारात पंचशील घेते. लग्नाच्या वरातीतसुद्धा वाल्मीक पिणाऱ्यांच्या घोळक्यात उभा राहत नाही. शेठची चिमूटभर तपकीर सोडली तर त्याच्या अंगाला दुसरं काही लागलेलं नाही.

तिनं कागद हातात घेऊन तुमच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मन्हा पोऱ्या व्यसनी शे, हाई सरकारनी लिखं. ती डबी कोन दिन्ही, ते काबर नही लिखं?"

तोच प्रश्न घेऊन रविवारी सकाळी तुमच्या बंगल्यावर आलो.

सायकल ओट्यावर उभी होती. तुम्ही मऊ फडक्यानं घंटी पुसत होतात. मला बघून तुमचा चेहरा खुलला. "बरं झालं आलास, भटू. मागच्या रिंगेवर बारीक ठिपके आलेत बघ."

आणि मी बसलो की उकिडवा. सवयीनं. बोट फिरवून बघितलं. "निकल पातळ राहिलंय इथं," मी म्हणालो. "तीनतीनदा घासलं ना, लोखंडच झिजलं." मग मी कागद काढला.

तुम्ही तो हातात घेतला नाहीत. "हे बघ, अशा छिद्राची कारणं बरीच असतात. त्यानं स्वतः कबूल केलं."

"तपकिरीनं बोटांना खड्डे पडतात का, साहेब?"

तुम्ही घंटी पुसत राहिलात. "माझं मत पटत नसेल तर वर अर्ज करता येतो."

"तुम्ही टाकी पाहिलीय."

"भटू, मी तिथं गिऱ्हाईक म्हणून आलो होतो. डॉक्टर म्हणून नाही."

मी उठलो. फाटकापाशी पोचलो तेव्हा तुम्ही मागून हाक मारलीत. मला वाटलं, बोलावतायत, काहीतरी सुचलं असेल.

"ते ठिपके वाल्मीक काढून देईल का रे? घरच्या घरी काही जमलं तर. त्याच्यासारखा हात नाही कुणाचा."

मी फाटक ओढून घेतलं. तेव्हा बोलायचं राहिलेलं आता लिहितोय.

वाल्मीक सध्या माझ्या दुकानात पंक्चर काढतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून बुडबुडा कुठं येतो ते बघायला वाकला की त्याच्या नाकाची शीळ पाण्यावर वाजते. आता कुणी फाटक लावा म्हणत नाही. परवा एकानं जुनी सायकल आणली, विलायती, आणि रिंगेचं पॉलिश कुठं चांगलं होतं ते विचारलं. वाल्मीकनं चिंधीवर राख घेऊन बोटभर जागा घासली. निळसर झाक वर आली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मीही. मग त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, "ऱ्हाऊ द्या अशीच. तेलाचा हात फिरवा."

वर अर्ज केला, तुम्ही सांगितलंत तसा. वरच्यांनी तो तुमच्याकडेच धाडलाय, अभिप्रायासाठी. म्हणजे आमच्या तक्रारीवर तुम्हीच लिहिणार. लिहा. छिद्राच्या बऱ्याच कारणांबद्दल लिहू नका, ते पुस्तकात आहे. कायद्याचं कलमही नको, ते कारकुनानं दाखवलं. मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे, सहीशिक्क्यानिशी, आणि ते मी पार्वताबाईला वाचून दाखवणार आहे.

त्या दिवशी दारात उभे असताना तुम्ही नाकाला रुमाल कशासाठी लावला होता?