घरच्या सगळ्यांची तपासणी

चष्मेवाल्याचे डोळे पिवळे झालेत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका गिऱ्हाइकाच्या. नवा चष्मा नाकावर चढवून ते आजोबा आरशात बघायचं सोडून समोरच बघत राहिले.

"अगदी लख्ख दिसतंय," ते म्हणाले. "पण तुझ्या डोळ्यांना काय झालंय रे? पिवळेजर्द झालेत."

"काचेला जरा छटा आहे, आजोबा," चष्मेवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. काचेला कसलीही छटा नव्हती.

महिन्याभरात त्याच्या पावलांवर सूज आली, पोट फुगलं, पट्टा शेवटच्या भोकातही बसेना. हात मात्र काड्यांसारखे. मग एका सकाळी दुकानाच्या मागच्या बेसिनमध्ये त्याला रक्ताची उलटी झाली आणि बायकोनं त्याला इस्पितळात नेलं.

लिव्हरचे डॉक्टर मोजकं बोलणारे होते. लिव्हर सुकून, निबर होऊन आक्रसलंय, ते म्हणाले. हेपटायटिस बी. विषाणू बऱ्याच वर्षांपासून आत आहे. आता गोळ्यांनी विषाणू दबेल, पण गेलेलं लिव्हर परत येणार नाही. दुसरं बसवावं लागेल. मेलेल्या माणसाचं मिळायला नंबर लावायचा आणि वाट बघायची. नाहीतर घरातल्याच कुणीतरी आपल्यातला तुकडा द्यायचा.

चष्मेवाल्याला एक थोरली बहीण होती. ती मोटार चालवायला शिकवायची. गेली एकवीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, तिनं अर्ध्या शहराला वळणं शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. आईला घेऊन दोन खोल्यांत राहायची. रडणाऱ्याला आधी गप्प करायचं आणि कारण मग विचारायचं, असा स्वभाव. भाऊ पंचेचाळिशीला आला तरी ती त्याला ठोंब्याच म्हणायची.

डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून तिला समजावलं. "उजवीकडचा भाग, साधारण साठ टक्के काढतो. देणाऱ्याचं उरलेलं दोनतीन महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढं होतं. धोका थोडा आहे, पण आहे."

"म्हणजे पालीच्या शेपटीसारखं," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग माझं घ्या."

दुसरं कुणी नव्हतंही. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. मुलगी सोळा वर्षांची; ती गुपचूप जाऊन नर्सला विचारून आली, तर अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाव घेऊ नकोस म्हणून तिला परत पाठवलं. आई बाहत्तरची. बहिणीचा गट तोच होता. फॉर्मवर रुग्णाशी नातं या रकान्यात तिनं 'थोरली बहीण' लिहिलं. नुसतं बहीण लिहून तिचं समाधान झालं नसतं.

रक्त देऊन ती भावाच्या खाटेशी आली. "लहानपणापासून माझं सगळं अर्धं ढापत आलायस. एवढं एक राहिलं होतं."

तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, राहू दे ना. कशाला?"

त्याला आपली काळजी वाटतेय, असं ती समजली.

तिसऱ्या दिवशी तिला फोन आला. ती दोन शिकवण्या पुढे ढकलून गेली. डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

"तुम्हाला देता येणार नाही. तुमच्याही रक्तात तोच विषाणू आहे."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल. आडनाव एकच आहे आमचं."

"म्हणूनच दोनदा तपासलं. लिव्हरवर व्रण पडायलाही सुरुवात झालीय."

"मला काहीही होत नाही हो! साधं डोकं दुखत नाही माझं."

"लिव्हर बोंब मारत नाही," डॉक्टर म्हणाले. "संपत येईपर्यंत मुकाट काम करतं. तुमचं वेळेत कळलंय. रोज एक गोळी घ्यायची, कधी बंद करायची नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी."

"पण आलं कुठून हे?"

"सख्ख्या भावंडांत असतं, तेव्हा बहुतेक बाळंतपणात आईकडून आलेलं असतं. आईला स्वतःला कधी त्रास होतही नाही. तेव्हा लस नव्हती, तपासणी नव्हती. कुणाचा दोष नाही." त्यांनी फाईल पुढे ओढली. "मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुमची तपासणी सहा वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती."

त्यांनी फायलीतून याच इस्पितळातला एक जुना कागद काढून तिच्यापुढे सरकवला. भावाचं नाव, सहा वर्षांपूर्वीची तारीख. खाली कुणा डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात दोन ओळी: गोळ्या बंद करू नयेत. घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी.

ती जिन्यानं वर गेली. बायको औषधं आणायला खाली गेली होती. चष्मेवाला उशाला टेकून बसला होता. बहिणीच्या हातातला कागद त्यानं लांबूनच ओळखला.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं तुला माहीत होतं."

"रक्तदानाला गेलो होतो, तेव्हा कळलं."

"आणि गोळ्या?"

"वर्षभर घेतल्या. मग बरं वाटायला लागलं. म्हणजे, वाईट कधी वाटलंच नव्हतं."

"आम्हाला सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"मी लोकांच्या कानामागे हात लावतो, ताई. नाकावर चष्मा बसवतो. एकाला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. कोण चढलं असतं दुकानाची पायरी?"

"हात लावून होत नाही हे! त्या कागदावर नसेल लिहिलेलं, पण विचारलं असतंस तर सांगितलं असतं कुणीही."

"विचारायचीच लाज वाटली." त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "हिलाही नाही सांगितलं. मुलीला जन्मतःच लस दिली होती ते मी तिच्या कार्डावर बघितलं, तेव्हा वाटलं, झालं, सुटलो." मग बहिणीकडे बघून त्यानं विचारलं, "तुला काय म्हणाले? तुझं जुळलं ना?"

तिला वाटलं, सांगावं. हा कागद त्याच्या तोंडावर फेकून सांगावं की तुझ्या लाजेपायी माझीही सहा वर्षं गेली. ती एवढंच म्हणाली, "नाही जुळलं."

पण तो ठोंब्या नव्हता. तो रडायला लागला, आणि या खेपेला तिला त्याला गप्प करता आलं नाही.

बायकोच्या रक्तात काही निघालं नाही. तिला लस टोचली. ती नवऱ्याशी एक अक्षर न बोलता त्याचं सगळं करत राहिली. यादीत नाव लागलं. पाच आठवड्यांनी एका गुरुवारी दुपारी फोन आला: लिव्हर मिळण्यासारखं आहे. बहीण आणि बायको धावत पोचल्या. तोवर पोटात साठलेल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला होता, ताप उतरत नव्हता. अशा अंगावर शस्त्रक्रिया करता येत नाही, डॉक्टर म्हणाले. लिव्हर यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं.

मग त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. लिव्हरनं गाळायचं विष मेंदूत चढतं, असं नर्सनं सांगितलं. तो बहिणीला गिऱ्हाईक समजू लागला. थरथरत्या हातानं तिच्या तोंडापुढे न दिसणारी काच धरून विचारायचा, "आता? आता जास्त स्पष्ट की मघाशी होतं ते?"

"आता," ती म्हणायची.

"खालची ओळ वाचा."

ती तोंडाला येतील ती अक्षरं म्हणायची. तो मान हलवून म्हणायचा, चुकलं, नंबर वाढलाय तुमचा. एका मंगळवारी, जेवणाच्या सुमारास, तो गेला. आदल्या दिवशी बायको त्याच्याशी बोलली होती. पण त्याला कळण्याच्या पलीकडे गेल्यावर बोललो, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आईला दोघींनी एवढंच सांगितलं होतं की लिव्हर बिघडलंय. तो गेल्यावर आईनं पहिले पंधरा दिवस काही विचारलं नाही. एका सकाळी बहीण गोळी घेऊन पाणी प्यायला लागली, तशी आई तिच्यासमोर येऊन बसली.

"ही गोळी त्याच्याही टेबलावर होती. हीच. निळ्या झाकणाची डबी."

"शक्तीची आहे, आई."

"मला खुळ्यात काढू नकोस. तुला पण तेच झालंय?"

बहिणीनं डबीचं झाकण लावलं.

"तुम्ही दोघं वीस वर्षं वेगळ्या घरात राहिलात. पाणी वेगळं, जेवण वेगळं. दोघांना सारखं काय आहे?" आईनं डबी आपल्याकडे ओढली. "मीच ना?"

"तुला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं माहीत. डॉक्टर म्हणाले, कुणाचा दोष नाही."

"दोष नसेल. पण आलं माझ्यातूनच ना?"

बहिणीनं मान हलवली.

आईची तपासणी झाली. विषाणू होता, निपचित पडलेला. लिव्हर मात्र मऊ, नितळ. या वयात असं बघायला मिळत नाही, सोनोग्राफी करणारी मुलगी कौतुकानं म्हणून गेली. परतताना गाडी बहीण चालवत होती. आई शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"त्याचं संपलं, तुझं डागाळलं, आणि माझं ठणठणीत," ती म्हणाली. "आणि माझं कुणाला द्यायच्या कामाचं नाही."

पुढे सिग्नल लाल झाला आणि बहिणीनं ब्रेक दाबला.

त्या दिवसापासून आईनं आपलं ताट, पेला, टॉवेल वेगळा केला. ताटापेल्यातून हा आजार लागत नाही, हे बहिणीनं सांगून बघितलं, डॉक्टरांकडून वदवून घेतलं, शेवटी चिडून पेला उचलून फोडलाही. आईनं तुकडे गोळा केले आणि दुसरा पेला काढला. नात भेटायला आली की ती दाराशी उभी राहूनच बोलते. नातीला वाटतं, आजीला आपण बाबांची आठवण करून देतो, म्हणून ती जवळ घेत नाही. हल्ली नातीचं येणंही कमी झालंय.