वाहकाच्या मनगटावरचा पट्टा

डेपोत नवे पट्टे आले. चालकाने मनगटावर बांधायचे. डुलकी येऊ लागली की पट्टा थरथरायचा. तीनदा थरथरला तर गाडी पुढच्या थांब्यावर उभी करून बदली चालक मागवायचा, असा नियम.

जुने चालक घड्याळकाका यांना तो अपमान वाटला. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. त्यांची बस बघून लोक घड्याळ लावत, म्हणून तर हे नाव पडलं. पण दोन महिन्यांपासून बायको अंथरुणाला खिळली होती. रात्रीतून चारदा उठून तिची कूस बदलायची आणि सकाळी सहाला पहिली फेरी गाठायची. हे त्यांनी डेपोत कोणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी पट्टा थरथरला. काकांनी तो काढून वाहकाला दिला.

"तू घाल. तुला उभ्याउभ्या काही झोप यायची नाही."

"म्हणजे गाडी तुम्ही चालवणार आणि जागं मी राहायचं?" वाहक हसला, पण वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणणार?

आठवड्याने ड्युटी लावणाऱ्या ताईंनी काकांना बोलावलं.

"काका, हा पट्टा पावलंही मोजतो. काल गाडी चालवता चालवता तुम्ही नऊ हजार पावलं चाललात. बस ढकलत नेली काय?"

सगळे हसले. काका चिडले. "आता यंत्र मला शिकवणार?"

"इंजिन तापलं की काटा वर जातो. तुम्ही गाडी थांबवता. त्यात इंजिनाचा अपमान होतो का?"

काकांनी वाहकाकडून पट्टा परत घेतला. त्या दिवशी पट्टा त्यांनी स्वतः बांधला, पण रागाने.

पुलाअलीकडे तो एकदा थरथरला, मग पुन्हा. काकांनी दुर्लक्ष केलं. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, "अहो, शाळेचा थांबा गेला की!"

काकांनी आरशात पाहिलं. पूल मागे पडला होता. पुलावरचं वळण त्यांनी कधी घेतलं, ते त्यांना आठवेना. डोळे तर उघडे होते! मनगट तिसऱ्यांदा थरथरलं.

पुढच्या थांब्यावर त्यांनी किल्ली काढली आणि उठून उभे राहिले. "मंडळी, मला झोप येतेय. दुसरा चालक येईपर्यंत गाडी हलणार नाही."

"आम्हाला कामं आहेत," एकजण कुरकुरला.

"म्हणूनच थांबलोय," काका म्हणाले.

डेपोत परतल्यावर त्यांनी ताईंना घरचं सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललात?"

"लोक म्हणाले असते, काका थकले."

"थकलातच ना!" ताई म्हणाल्या, आणि त्यांनी काकांना सकाळी सहाऐवजी दहाची ड्युटी लावली.

त्या संध्याकाळी बायकोने पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"तुझ्यासारखंच आहे. डोळा लागला की हलवून उठवतं."

ती कितीतरी दिवसांनी हसली.

वाचकहो, थकवा येणं ही लाजेची गोष्ट नाही. तो लपवून स्टिअरिंगवर बसणं ही आहे. आणि बस दहा मिनिटं उशिरा आली की चालकावर ओरडणारे आपणही त्याला थकवा लपवायला शिकवतो. उशीर भरून काढता येतो. घरी न पोचलेलं माणूस परत आणता येत नाही.